पुढे डंकन, मागे बाबागाडी

तक्रार कुणी केली हे हेल्मीला शेवटपर्यंत कळलं नाही. फोन आला तो सोमवारी सकाळी. आठ महिन्यांची आयनो उंच खुर्चीत बसली होती आणि हेल्मी डाव्या हाताचं बोट तिच्या हनुवटीला टेकवून उजव्या हातानं भोपळ्याचा गर भरवत होती. हनुवटी सापडली की तोंड सापडतं, मग चमचा चुकत नाही.

"मी रोझलिन कोवाल, बालकल्याण खात्यातून बोलतेय," पलीकडची बाई म्हणाली. आवाज पन्नाशीचा, घसा जरा बसलेला. "तुमच्या मुलीबद्दल आमच्याकडे एक फोन आलाय. घाबरण्यासारखं काही नाही."

घाबरण्यासारखं काही नाही असं कुणी म्हटलं की माणूस आधी घाबरतोच. हेल्मीनं चमचा वाटीत ठेवला. "काय म्हणणं आहे?"

रोझलिननं समोरचा कागद वाचून दाखवला. एक आंधळी बाई उणे वीसच्या थंडीत तान्ह्या बाळाला घेऊन रस्त्यावर हिंडते. पुढे कुत्रा तिला ओढत नेतो आणि मागे बाळाची गाडी फरफटत येते. गाडीत बाळाचं काय चाललंय ते बघायला कुणी नसतं.

"फोन कुणी केला?"

"ते आम्हाला सांगता येत नाही. गुरुवारी दहाला घरी येऊ का?"

"या. पण साडेअकराला आयनोची लस आहे. दवाखान्यातली वेळ मी चुकवणार नाही."

"मग त्याच्या आत आटपू."

फोन बंद झाला. आयनोनं खुर्चीच्या फळीवर दोन्ही हात आपटले. तिचं जेवण अर्धं राहिलं होतं. हेल्मीनं पुन्हा हनुवटी शोधली, चमचा उचलला. वाटी संपवूनच ती उठली.

पोर्ट कॅलम हे सुपीरियर सरोवराच्या काठचं गाव. हेल्मी राउतियो इथंच जन्मली, इथंच वाढली. अकराव्या वर्षापासून तिची नजर कडेकडेनं झिजत गेली आणि चोविसाव्या वर्षी फक्त उजेड आणि काळोख एवढंच उरलं. आता ती तेहेतीस वर्षांची होती. वीज कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर नोकरी होती, सध्या बाळंतपणाची रजा. वादळात दिवे गेले की गावभरच्या शिव्या खायच्या आणि तरी गोड बोलायचं, ही कला तिला दहा वर्षांत चांगलीच अवगत झाली होती.

डंकन हा तिला वाट दाखवणारा कुत्रा, पहिल्यानंतरचा दुसरा. काळा लॅब्रॅडॉर, पाच वर्षांचा, तीन वर्षं तिच्यासोबत. कामात चोख, खाण्याच्या बाबतीत अट्टल चोर. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला बसवलेला दांडा हेल्मीच्या डाव्या हातात असायचा. फुटपाथ संपला की तो थांबायचा, वाटेत खांब आला की तिला वळसा घालून न्यायचा. कुठं जायचं ते मात्र तिनंच सांगायचं. लोकांना वाटायचं कुत्र्याला पत्ते पाठ असतात. तसं असतं तर तो रोज खाटकाच्या दुकानातच घेऊन गेला असता.

बाबागाडी ती उजव्या हातानं मागून ओढायची. पुढे ढकलली तर फुटपाथच्या कडेवरून आधी बाळ रस्त्यात उतरणार, मग आईला कळणार कडा आली. मागे असली की आधी डंकन, मग आई, मग बाळ. साधा हिशोब. आयनो व्हायच्या आधी दोन महिने हेल्मी गाडीत दहा किलो बटाटे घालून गल्लीत फेऱ्या मारायची. शेजारपाजारी म्हणायचे, दिवस गेल्यापासून बाई चळली. नंतर कुणी ओरडायचं, "अहो, तुमचं बाळ मागं राहिलं!" ती न थांबता म्हणायची, "येतंय हो, त्याला घाई नाही."

त्या दिवशी दुपारी नवऱ्याचा फोन आला. ड्वेन मालगाडीवर होता. दोन दिवस बाहेर, दोन दिवस घरी. गाडी कुठल्याशा साइडिंगला, बाजूच्या रुळावर, अडकली होती. हेल्मीनं सगळं सांगितलं.

"मी गुरुवारी सुट्टी टाकतो," तो म्हणाला.

"नको."

"नको काय? मुलगी माझीपण आहे."

"तू घरात असलास की ती बाई लिहिणार, नवरा सगळं बघतो. मग तू गाडीवर गेलास की मी पुन्हा संशयित. तिला मी एकटीच दिसले पाहिजे."

"आणि तिला काही पटलं नाही तर?"

"गाडी सुटली की फोन कर," एवढंच ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर व्हर्ना राहायची. साठीची, अनिशिनाबे ह्या इथल्या मूळ जमातीतली बाई, उत्तरेकडच्या एका वस्तीतून तरुणपणी इथं आलेली. संध्याकाळी ती वर आली आणि बातमी ऐकून खुर्चीत नीट बसली.

"दार उघडू नकोस असं मी म्हणत नाही, पोरी. पण एकटीनं उघडू नकोस."

"तू घाबरवतेस मला."

"घाबरवत नाही. आमच्या घरी अशीच एक गोड बोलणारी सरकारी बाई आली होती, हातात वही घेऊन. आईनं तिला चहा दिला. माझा थोरला भाऊ तिच्या गाडीत बसून गेला, तो परक्यांच्या घरी वाढून एकोणिसाव्या वर्षी परत आला. आईची भाषा विसरून." व्हर्नाचा आवाज जराही चढला नाही. "मी गुरुवारी माझं मण्यांचं काम घेऊन कोपऱ्यात बसते. विचारलं तर सांग, शेजारीण आहे, कॉफीला आलीय."

बुधवारी सासू आली. जिनेट बुशार जिना चढली ती साफसफाईचं यंत्र हातात घेऊनच. कपाटं पुसली, फ्रीज रिकामा केला, गाद्या झटकल्या. बडबड चालूच होती. "उद्या मीही थांबते. तिला सांग, सासूबाई रोज येतात. मी दुजोरा देईन."

"तुम्ही रोज येत नाही, जिनेट. आठवड्यातून एकदा येता."

"तेवढं खोटं चालतं गं."

यंत्र बंद झालं. आता विचारायचं नाही तर कधीच नाही, असं हेल्मीला वाटलं. दोन दिवस एकच गोष्ट तिच्या डोक्यात कुरतडत होती. मागे बाळाची गाडी फरफटत येते, हे शब्द तिनं पूर्वी ऐकले होते, ह्याच घरात, ह्याच आवाजात.

"फोन तुम्ही केलात का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही केला. पण खोटं कशाला बोलू? पहिल्या महिन्यात माझ्या मनात रोज यायचं. ही बाळाला आंघोळ घालणार कशी, हिच्या हातून पडलं तर, तोंडात काही गेलं तर. एकदा फोन हातातही घेतला होता. मग ड्वेनचं तोंड आठवलं आणि ठेवून दिला."

"ड्वेनचं तोंड आठवलं. माझं नाही."

"नाही. तेव्हा तुझं नाही." जिनेटनं नाक ओढलं. "आता आठवतं. आता मी आयनोला तुझ्याजवळ ठेवून निवांत झोपते. माझ्या स्वतःच्या लेकीजवळ ठेवली तरी मला तेवढी झोप लागत नाही. बघ, विश्वास ठेवायचा तर ठेव."

हेल्मीनं विश्वास ठेवला, पण राग लगेच गेला नाही. दोघींनी मिळून चादर घातली. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. जाताना जिनेट म्हणाली, "मी उद्या येत नाही. मी खोटं बोलायला गेले की माझी मानच लाल होते." हेल्मीला हसू आलं, आणि ते आलं म्हणून बरंही वाटलं.

गुरुवारी रोझलिन वेळेवर आली. बूट दारात काढले, व्हर्नाला नमस्कार केला. व्हर्नानं नुसतं "हं" म्हटलं आणि सुई चालू ठेवली. हेल्मीनं कॉफी दिली, सोबत वेलदोड्याचा गोड पाव. आयनो जमिनीवर रांगत होती, तिच्या मोज्याला शिवलेला छोटा घुंगरू वाजत होता.

"औषध कसं मोजता?" रोझलिननं विचारलं.

हेल्मीनं पिचकारी तिच्या हातात दिली. दांडीवर ब्लेडनं खाच पाडलेली होती. "खाच बोटाला लागली की पाच मिली. ताप बघायचा तर थर्मामीटर बोलतो. खणखणीत आवाजात. आयनोला त्याचा फार राग येतो."

"लंगोट बदलताना सगळं स्वच्छ झालं हे कसं कळतं?"

"तुम्हाला काळोखात बदलावा लागला असेल की कधीतरी."

"तीन मुलं आहेत मला," रोझलिन म्हणाली. "बरं. कळलं."

प्रश्न पुष्कळ होते. शेगडी, जिना, आंघोळ, रात्रीचं दूध. हेल्मी उत्तरं देत गेली. वीज कंपनीच्या फोनवर जो आवाज वापरायची तोच आवाज, ना वर ना खाली. मध्येच घुंगराचा आवाज थांबला. हेल्मी वाक्य अर्धवट सोडून उठली, चार पावलं टाकून वाकली आणि आयनोच्या तोंडातून बोटानं कागदाचा बोळा काढला.

"आवाज थांबला की काहीतरी चालू असतं," ती म्हणाली.

साडेदहाला तिनं कपाटातून लोकरीचे कपडे काढले. आयनोला टोपी, मोजे, वरून जाड पिशवीसारखा कोट. रोझलिन म्हणाली, "मी गाडीतून मागोमाग येते. बाहेर कसं जाता ते बघायला हवं."

"गाडीतून काय दिसणार? सोबत चला की. पण बोलू नका फार. मला रस्ता ऐकायचा असतो."

बाहेर उणे अठरा होतं, वारा नव्हता. बुटाखाली बर्फ करकरत होतं. हेल्मीनं गाडीच्या दांडीला बांधलेली पट्टी उजव्या मनगटात अडकवली, डाव्या हातात डंकनचा दांडा घेतला. "पुढे." डंकन निघाला. पहिला चौक झाला, दुसरा झाला. दोन्ही वेळा डंकन कडेला थांबला, हेल्मीनं रहदारी ऐकली, मग हुकूम दिला, मग तिघं ओलांडून गेली. रोझलिन मागून येत होती. तिच्या श्वासावरून ती चालायची सवय मोडलेली बाई आहे हे कळत होतं.

तिसऱ्या कोपऱ्यावर डंकन थांबला तो कडेच्या बरंच अलीकडे, आणि आडवा उभा राहिला. हेल्मीनं पाय पुढे सरकवला. कमरेएवढा बर्फाचा ढीग. कुणीतरी आपल्या दारातलं बर्फ आणून नेमकं फुटपाथवरून रस्त्यात उतरायच्या उतारावर लोटलं होतं.

"शाबास," तिनं डंकनच्या कानामागे खाजवलं. सांगितलं तर तो ढिगाला वळसा घालून तिला रस्त्यातून नेणार होता, पण बाबागाडीसकट रस्त्यात उतरणं तिला मंजूर नव्हतं. मागच्या चौकात जायचं आणि पलीकडच्या फुटपाथवरून यायचं. पाच मिनिटं जास्त. बस चुकली तर चुकली. ती वळायला लागली.

"अहो, तिकडे कुठं!" रोझलिन मागून म्हणाली. "इथं बाजूला फट आहे. थांबा, मी घेते."

आणि तिनं बाबागाडी धरून ओढली.

झटका बसला. जाड हातमोज्यावरून पट्टी सर्रकन निसटली आणि हेल्मीचा उजवा हात रिकामा झाला. तिनं हात चहूकडे फिरवला. हवा. त्याच वेळी रस्त्यावरून लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक धडधडत गेला आणि त्या आवाजात बाकीचे सगळे आवाज बुडाले. चाकांचा नाही, रोझलिनचा नाही, बाळाचा नाही. आयनो रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"गाडी कुठंय?" हेल्मी ओरडली. "गाडी कुठंय माझी?"

"माझ्याकडे आहे! इथं, इथं, माझ्याकडे!"

चार-पाच सेकंदं गेली असतील. डंकन तिच्या पायाला चिकटून उभा होता.

"हात काढा," ती म्हणाली. "आधी गाडी माझ्या हातात द्या. मग बोला."

दांडी तिच्या हातात आली. तिनं खाली वाकून पिशवीत हात घातला, आयनोचा गाल, आयनोची मान. आयनोनं तिचं बोट धरून चोखायला सुरुवात केली. हेल्मीनं पट्टी पुन्हा मनगटात घातली, ह्या वेळी हातमोज्याच्या आतून. मग सरळ उभी राहिली.

"कोवालबाई, आठ महिने मी हिला घेऊन फिरतेय. बर्फानं, बसनं, गाड्यांनी मला एवढं कधी घाबरवलं नाही, जेवढं तुम्ही आत्ता घाबरवलंत. आणि तुम्ही पहिल्या नाही. आठवड्यातून एक तरी भला माणूस असा भेटतो."

"मला फट दिसली," रोझलिन म्हणाली. "दिसली आणि मी हात घातला. विचारायला हवं होतं. चूक झाली."

"हे लिहिणार?"

"लिहावं लागेल. पण ज्याची चूक त्याच्या नावावर लिहीन."

त्या मागच्या चौकातून फिरून आल्या. बस गेलेली होती. पुढची वीस मिनिटांनी. थांब्यावर हेल्मीनं दवाखान्यात फोन करून उशीर होईल असं कळवलं, आणि पुन्हा आयनोच्या मानेवर हात ठेवला.

"हे सारखं कशाला?" रोझलिननं विचारलं.

"मान गार लागली तर कपडे कमी, घाम असला तर जास्त. आत्ता ठीक आहे. तोंडाला हात लावून काही कळत नाही, थंडीत तोंड सगळ्यांचंच गार."

तेवढ्यात डंकनचं डोकं खाली गेलं आणि जबड्याचा कुडुम् असा आवाज आला.

"सोड! डंकन, सोड म्हणते ना!" हेल्मीनं त्याच्या तोंडात बोटं घातली. उशीर झाला होता. "काय होतं?"

"गुलाबी साखरेचा थर दिलेला गोड पाव. अर्धा," रोझलिन म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. "बापरे. मला वाटलं हे कुत्रे साधुसंत असतात."

"साधुसंत असता तर मला त्याची लाज कमी वाटली असती."

बस आली. ड्रायव्हर मॉरिसनं पायरी खाली केली. "या डंकनराव! हेल्मी, आज ह्या गाडीला कशी? तुझी अकराची कधी चुकत नाही." मग आवाज खाली करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आणि मागच्या बाई कोण?"

"माझी परीक्षा घ्यायला आल्यात."

"मग त्यांनी तिकीट काढायला हवं," मॉरिस म्हणाला. रोझलिननं मुकाट्यानं पाकीट उघडलं.

दवाखान्यात खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं रोझलिनकडे बघून विचारलं, हे हेल्मीला आवाजाच्या दिशेवरून कळलं. "बाळाला गेल्या आठवड्यात ताप वगैरे आला होता का?"

हेल्मीनं तोंड उघडलं, पण रोझलिन आधी बोलली. "मला काय विचारताय? मी त्या बाळाला आज सकाळी पहिल्यांदा पाहिलंय. आई ही समोर उभी आहे."

लस झाली. आयनोनं दवाखाना डोक्यावर घेतला. डंकन बाकाखालून डोकं वर करून बघत राहिला आणि तिचं रडणं थांबल्यावर सुस्कारा टाकून पुन्हा आडवा झाला. रोझलिनला डॉक्टरांशी बोलायची परवानगी हेल्मीनं स्वतःच दिली. रोझलिन दार लावून दहा मिनिटं आत होती. ती दहा मिनिटं हेल्मीला सगळ्या सकाळपेक्षा मोठी वाटली. आत काय चाललंय हे ऐकायला कान लावायचा तिनं प्रयत्न केला, मग स्वतःचाच राग येऊन आयनोला मांडीवर उड्या मारायला लावल्या.

घरी परत आल्यावर रोझलिन दारातच थांबली. बूट काढले नाहीत.

"मी आज फाइल बंद करू शकत नाही," ती म्हणाली. "माझ्या हातात असतं तर केली असती. वर सही लागते. तीस दिवसांत पत्र येईल."

"आणि हे तीस दिवस?"

"जशा राहता तशाच राहा."

"म्हणायला सोपं आहे," कोपऱ्यातून व्हर्ना म्हणाली. ती अजून तिथंच होती. टोपलीतले मणी निम्मे झाले होते.

रोझलिन तिच्याकडे वळली असावी. "सोपं नाहीये ते. माहीत आहे मला," ती हळूच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ते तीस दिवस हेल्मीला जड गेले. जे गुरुवारी सकाळपर्यंत झालं नव्हतं ते आता झालं. बाहेर पडायचं म्हटलं की वाटायचं, कुठल्या तरी खिडकीतून कुणीतरी बघतंय, कुणाच्या तरी हातात फोन आहे. आयनो दुकानात रडली की घाम फुटायचा. दुसऱ्या आठवड्यात चार दिवस ती घराबाहेरच पडली नाही. सामान जिनेटनं आणून दिलं. डंकनला व्हर्ना अंगणात सोडून आणायची. पाचव्या दिवशी डंकननं कंटाळून आयनोचा एक बूट चावून फाडला.

व्हर्ना तो बूट हातात घेऊन आली. "हे बघ पोरी. ती बाई तुझं बाळ घेऊन गेली नाही. पण तूच तिघांना कोंडून घातलंस. मग त्यात आणि ह्यात फरक काय राहिला?"

"तूच म्हणाली होतीस, एकटीनं दार उघडू नकोस."

"एकटीनं उघडू नकोस म्हणाले, लावून घे नाही म्हणाले. चल. नवा बूट आणायला जाऊ. मी दहा पावलं मागं राहीन आणि कुणी तुझ्याकडे बघितलं तर त्याच्याकडे अशी बघेन की तो चष्मा काढून ठेवेल."

त्या गेल्या. तिसऱ्या कोपऱ्यावरचा ढीग अजून होता, आणखी टणक झालेला. त्या दिवशी हेल्मीनं समोरच्या घराची घंटा वाजवली. एक म्हातारा बाहेर आला. तिनं त्याला शांतपणे सांगितलं की तुमचं बर्फ उतारावर पडलंय आणि मला बाळाला घेऊन जाता येत नाही. म्हातारा म्हणाला, "तिथून कोण जातंय एवढं?" हेल्मी म्हणाली, "मी. आठवड्यातून पाच वेळा." व्हर्ना पाठीमागे उभी होती. ती नक्की कशी बघत होती ते हेल्मीला दिसलं नाही, पण म्हाताऱ्यानं फावडं काढलं ते ऐकू आलं.

पत्र मार्चच्या मध्यावर आलं. ड्वेन घरी होता, पण हेल्मीनं ते त्याच्या हातात दिलं नाही. मोबाइल पत्रावर धरला आणि यंत्राच्या सपाट आवाजात ऐकलं. बाळाच्या सुरक्षिततेबाबत चिंतेचं कोणतंही कारण आढळलं नाही. भेटीदरम्यान जी एक धोक्याची घटना घडली ती अधिकाऱ्यानं न विचारता केलेल्या हस्तक्षेपामुळे घडली. प्रकरण बंद करण्यात येत आहे. मग तारीख, मग सही, मग पानाच्या तळाचा फोन नंबर, सगळं एकाच चालीत.

ड्वेन मोरीपाशी उभा होता. नळ चालू होता आणि तो काहीच धूत नव्हता. हेल्मी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. बराच वेळ नळ तसाच वाहत राहिला.

"बंद कर आता," ती म्हणाली. "गरम पाणी संपेल."

नळ बंद झाला. पत्र तिनं टाकून दिलं नाही, कपाटात ठेवलं. पुढं कित्येक महिने अनोळखी नंबरचा फोन वाजला की ती आधी आयनोला कडेवर घ्यायची, मगच फोन उचलायची. ती सवय जायला पत्र पुरलं नाही, दिवसच जावे लागले.

मेमध्ये तसाच एक फोन आला. रोझलिन होती.

"कामाचा फोन नाही," ती घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे आहे, पण तुमच्याबद्दल नाही. दोन तासांवर एक जोडपं आहे, दोघंही आंधळे. बाईला सातवा महिना आहे. आमच्याकडे त्यांचा अजून कागद नाही, आणि येऊ नये असं मला वाटतं. त्यांना कुणाशी तरी बोलायचंय. तुमचा नंबर देऊ का?"

आयनो उभं राहायला शिकली होती. ती डंकनच्या पाठीचा आधार घेऊन उभी होती आणि तो श्वास रोखून स्थिर बसला होता.

"द्या," हेल्मी म्हणाली. "पण मी त्यांच्याशी बोलेन. त्यांच्याबद्दल तुमच्याशी नाही."

"मान्य."

फोन त्याच संध्याकाळी आला. नाव जोसेट. आवाज तरुण, दम लागलेला, शब्द एकमेकांवर पडणारे. ओळख झाली, महिना विचारून झाला.

"माझ्याकडे यादी आहे प्रश्नांची," जोसेट म्हणाली. "मोठे मोठे आहेत. पण मला आधी वेगळंच विचारायचंय. हसू नका हं."

"विचार ना."

"एवढ्याशा बाळाची नखं कशी कापता?"

हेल्मी हसलीच. "कापत नाही," ती म्हणाली. "बाळ गाढ झोपलं की एकेक बोट तोंडात घ्यायचं आणि दातांनी हळूच कुरतडायचं. माझी डोळस सासूही तसंच करायची. यादी काढ आता. वेळ आहे माझ्याकडे."